पिशवी काढलेल्या बायकांचं घर

हळ्ळीखेड (बी)
३ जानेवारी २०२५

ती. महानंदा अक्कास ज्योतीचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत असं लिवायची रीत, म्हणून लिवलं. खरं तर मी बरी न्हाई. तू कलबुर्गीत पोरींना नर्सिंग शिकवतीस, म्हणून तुलाच विचारायलेय. फोन केला असता, पण फोन वाजला की सासूबाई स्पीकर लावायला लावतात आणि मग अर्धी गल्ली ऐकती.

दिवाळीपासून अंगावरून पांढरं जायलंय, कंबर दुखायलीय. त्यात येळ अमावस्येला सगळी भावकी शेतात जमलेली, आंबील, भज्जी, उंडे सगळं माझ्याकडं, आणि नेमकी त्याच सकाळी मी बाहेरची झाले. दिवसभर बांधावर एकटी बसले. पांडव मांडलेल्या कडब्याच्या कोपीजवळ फिरकू दिलं न्हाई, लेकीनं लांबूनच पत्रावळ सरकवली. सासूबाईंचा पारा असा चढला की दुसऱ्याच दिवशी मला तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवलं आणि सांगितलं की पिशवी सडायलीय, काढून टाका, न्हाई तर कॅन्सर होईल. कागदावर ‘बल्की युटेरस’ आणि ‘सर्व्हिसायटिस’ असं लिवलंय. मला त्यातलं काही कळत न्हाई.

संक्रांत झाली की ऑपरेशन. सासूबाई खूश आहेत. त्यांची पिशवी पस्तिशीच्या आत काढली, दोन्ही चुलत सासवांची निघाली, थोरल्या जाऊबाईंची निघाली. आमच्या घरात हे जावळ काढल्यासारखं झालंय, वेळ आली की काढायचं. मग सणावाराला चूल आडत न्हाई. आमचे हे म्हणतात, आई म्हणती तसं कर.

अक्का, मला लई भ्या वाटायलंय. खरंच सडलीय का गं?

उत्तर लगोलग धाड. माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी धाकटी,
ज्योती

•

कलबुर्गी
७ जानेवारी २०२५

चि. सौ. ज्योतीस अ. उ. आ.

तुझं पत्र डबा खाताना उघडलं आणि घास तसाच ठेवला. शिसारी आली बघ मला. सडायला ती काय टोपलीतलं वांगं आहे?

आता नीट वाच. सर्व्हिसायटिस म्हणजे पिशवीच्या तोंडाला आलेली सूज, घसा सुजतो तशी. गोळ्या घेतल्या की जाती. कधी नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, न्हाई तर परत येती. बल्की युटेरस म्हणजे पिशवी जराशी मोठी दिसली. दोन लेकरं नऊ-नऊ महिने वागवलेली पिशवी, ती थोडी मोठी दिसली तर नवल कसलं? तो काही आजार न्हाई. आणि पोटावर नुसतं मशीन फिरवून कोणी कॅन्सर सांगू शकत न्हाई. पिशवीच्या तोंडाची तपासणी वेगळी असती. बारीक ब्रश फिरवतात, त्याला लागलेल्या पेशी काचेवर घेऊन बघतात. टाका न्हाई, भूल न्हाई. तुझ्या डॉक्टरनं हे केलं का? कामून करील! बाई घाबरली की आपसूक टेबलावर येती.

पिशवी काढावी लागती असे आजार आहेत. कॅन्सर असतो, मोठ्या गाठी असतात, औषधानं न थांबणारं रक्त असतं. तसं काही असतं तर मीच तुला हाताला धरून नेलं असतं. पण मी ऑपरेशन थेटरातली ती बादली बघितलीय गं. चांगली धडधाकट पिशवी, तरण्या बाईच्या पोटातली, त्या बादलीत पडलेली. आणि बाहेर सासू आणि नवरा चहा पीत बसलेले. मला त्या चहाची सुदा किळस येती.

अजून एक ऐक. पुष्कळदा पिशवीबरोबर दोन्ही बाजूंचे अंडाशयही काढतात. विचारत न्हाईत, सांगत न्हाईत. ते गेले की तरणी बाई एका दिवसात म्हातारी होती. अंगाची आग होती, थंडीत घाम फुटतो, झोप उडती, हाडं ठिसूळ होतात आणि साधं पडलं तरी मोडतात.

आणि तुझ्या नवऱ्याचं, हरिओमरावांचं काय? त्यांच्या जांघेत हर्निया आहे, तो कितीक दिवस पट्टा बांधून लपवायलेत! पोटाच्या भिंतीला भोक पडतं आणि त्यातून आतडं बाहेर डोकावतं, त्याला हर्निया म्हणतात. ते आतडं अडकलं की जिवावर बेततं. ज्याला ऑपरेशन लागतं तो लाजेनं पट्टा आवळतो, आणि जिला लागत न्हाई तिला कापायला न्यायलाय. थू असल्या मर्दानगीवर!

संक्रांतीच्या आत इकडं ये. आमच्या डॉक्टर नेत्रा मॅडम तपासतील. लेकरांना माझा गोड मुका दे आणि तू स्वतःला जप.

तुझी,
महानंदा अक्का

•

हळ्ळीखेड (बी)
११ जानेवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमननं सरळ सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत न्हाई. जात्यापाशी बसून मला मोठ्यानं वाच म्हणाल्या. हे पण दारात उभे होते. चहाचं गाळलं, मर्दानगीचं गाळलं, बादलीचं पण गाळलं. घशाच्या सुजेचं वाचलं तेव्हा त्या नाक मुरडून म्हणाल्या की तुझी अक्का लई शिकलीय. हर्नियाचं वाचल्यावर हे गुपचूप गोठ्यात गेले ते जेवायलाच आले.

पण खरं घडलं ते त्याच्या आधी, अंडाशयाचं वाचलं तेव्हा. सासूबाईंनी मला थांबवलं. परत वाच म्हणाल्या. मी परत वाचलं. अंगाची आग, थंडीत घाम, हाडं मोडणं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

अक्का, तुला ठावं न्हाई. ह्या बाई पौष महिन्यात उघड्यावर झोपतात. अंगाची लाही होती म्हणून रोज पहाटे गार पाण्यानं न्हातात आणि दर मंगळवारी ओल्या लुगड्यानं देवीला जातात. घरात सगळ्यांना ठाम ठाऊक की पिशवी काढली त्या वर्षी देवीचा नवस राहिला, म्हणून देवी आगीसारखी अंगात बसली. तीच मूठभर हळद, तोच नारळ, इतकी वर्षं. मनगट दोनदा मोडलं तेव्हाही देवीच आठवली.

दवाखान्यात फक्त पिशवी काढतो असं सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या की तुझ्या अक्काला लिव, माझ्यातून काय काय काढलं ते बघायला येतं का. मी ऑपरेशनचं विचारलं, तर म्हणाल्या की आधी तिकडं जाऊ. आम्ही दोघी सोमवारी येतो.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
ज्योती

•

कलबुर्गी
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. ज्योतीस अ. उ. आ.

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. या वेळी काही गाळू नको.

तुझी काचेवरची तपासणी आली. कॅन्सर न्हाई, कॅन्सरची सुरुवातही न्हाई. नुसती सूज. मॅडमनी दिलेल्या गोळ्या दोघांनी संपवायच्या. हरिओमरावांनी तोंड वाकडं केलं तरी संपवायच्या. हर्नियाची तारीख मी मॅडमच्या ओळखीच्या सर्जनकडं लावलीय, पट्टा घरी ठेवून यायचं म्हणावं.

आता सासूबाईंचं. कमलबाई, तुमच्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशय दिसत न्हाईत. ते काढलेत. पोटावरच्या टाक्यावरून हे कळत न्हाई, म्हणून तुम्हाला कधी कळलं न्हाई. तुमची हाडं पण लई विरळ झालीत. औषध सुरू करू, त्यानं पुढची मोडतोड कमी होईल, पण गेलेलं परत येत न्हाई. तुम्हाला गोड बोलून फसवायचं काम आधीच कुणीतरी केलंय, मी ते करणार न्हाई. त्या माणसाचं नावही तुम्हाला आठवत न्हाई म्हणालात. त्याला तर तुमचं तोंडही आठवत नसेल, हेच मला गिळवत न्हाई.

सगळ्यांना माझी आठवण सांगा. येत जा.

महानंदा

•

हळ्ळीखेड (बी)
२० डिसेंबर २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काल येळ अमावस्या झाली. ह्यांची जांघ आता बरी आहे, कडब्याची कोप त्यांनीच बांधली आणि ऑपरेशनची गोष्ट सगळ्या भावकीला अशी सांगितली जणू लढाई मारून आले. वर पट्टा पण दाखवायला आणला होता. मला हसू आवरेना.

आणि काय सांगू, परवा रात्रीच मी परत बाहेरची झाले. सकाळी मी आपली पोतं घेऊन बांधाकडं निघाले, तर सासूबाईंनी हाक मारून आंबिलीचं मडकं माझ्या डोक्यावर दिलं. मी हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या की ठाऊक आहे, चल.

कोपीत मी आंबील वाढायला लागले तशी चुलत सासूबाईंना कुणकुण लागली. त्यांनी वाटी पालथी घातली. म्हणाल्या की हिची अजून कामून काढली न्हाई, सगळा सण बाटवला, शी! बाकीच्यांचेही हात थांबले. भावकीतल्या मल्लव्वाची धाकटी सून माझ्याकडं बघत बसली, तिलाही पुढच्या महिन्यात त्याच दवाखान्यात न्यायचं ठरलंय.

सासूबाईंनी स्वतःची वाटी पुढं केली. मी वाढली. त्यांनी घटाघटा पिली आणि परत पुढं केली. एवढ्या गारव्यात कपाळावर घाम होता, पदरानं वारा घ्यायल्या होत्या. मग मल्लव्वाच्या सुनेकडं बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, की माझी पिशवी काढल्यापासून मी एकही सण चुकवला न्हाई, सगळ्या देवांचं सोवळ्यात केलं, पण माझ्या अंगातली आग त्यातल्या एकाही देवाला विझवता आली न्हाई.

मल्लव्वाच्या सुनेनं आपली वाटी पुढं केली. तिला घेऊन मंगळवारी तुझ्याकडं येतेय. तुझी माया तिलाही थोडी लागू दे.

तुझी,
ज्योती