जितूच्या फिल्ममधलं वडिलांचं हसू

उधना, रविवार संध्याकाळ

वडिलांना घेऊन माझ्या मित्राची, जितूची फिल्म पाहून आलो. चांगली आहे. एवढं लिहायलाही जड जातंय.

विषय माझाच, वडील काम करतात ते लूमखातं, यंत्रमागांचा कारखाना. मी त्याच्या आधी शूट केलं होतं, पण सुट्टीच्या दिवशी. परदेशी दिग्दर्शकांची ती शांतता हवी होती ना मला. बंद लूममध्ये वडिलांना खिडकीशी उभं केलं आणि सांगितलं, हसू नका. जितूने चालू लूममध्ये कॅमेरा लावला. त्या आवाजात कारागीर हातांनीच बोलतात. वडील पलीकडच्याला हातांनी काहीतरी सांगतात आणि खदखदून हसतात. ते हसू माझ्या कॅमेऱ्यात का नाही?

येताना विचारलं, "आबा, त्याला काय सांगत होता?"

"तुनंच सांगत व्हतू. पोऱ्यानी माले खिडकीजोडे उभं कयं, हासू बी दिन्हं नई."

म्हणजे त्याचा सगळ्यात चांगला शॉट माझ्यावर हसतोय. जितूला हे ठाऊक नाही. मी सांगणारही नाही.

माझी फिल्म पुन्हा शूट करायला हवी, लूम चालू असताना. मग सगळे म्हणतील, जितूचं पाहून केलं.