लांबडीची पुढची सीट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार कालव्याकडच्या गल्लीतले शेवटचे घर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे, स्वतःच्या हाताने ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय मात्र तितकेसे ठिकाणावर नाही. त्यातली एक झडप नीट मिटत नाही आणि ती दुरुस्त करायला येत्या गुरुवारी मला भूल देणार आहेत. भुलीतून उठले तर हा कागद कपाटात राहील. नाही उठले तर मोठ्याने वाचावा, आणि वाचणाऱ्याने मध्येच गळा काढू नये, कारण पुढे बरीच कामे नेमून दिली आहेत.

कलम पहिले. राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पतींचे, आणि त्यांच्या पश्चात आमच्या मुलीचे. पतींनी उभी हयात बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. म्हणून अट अशी की घरातली एकही खुर्ची जागची हलवू नये. झाडताना सरकवली तर परत तिथेच ठेवावी. मुलीला घर मोकळे मोकळे करायची हौस आहे, ती तिने स्वतःच्या घरी भागवावी.

कलम दुसरे. बँकेतली बचत दोघांना निम्मी निम्मी. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तिसरे. शिलाई मशीन आणि मोठी कात्री मुलीला. कात्रीने कागद कापल्यास माझा आत्मा शांत राहणार नाही. याच मशीनवर मी दर रविवारी सायकलवर निघणाऱ्या आमच्या चमूतल्या सगळ्यांच्या गादीच्या चड्ड्या शिवल्या. ज्यांनी तास न् तास सायकल चालवली नाही त्यांना ही चड्डी विनोदी वाटते, ज्यांनी चालवली आहे ते तिच्याविषयी आदराने बोलतात. प्रत्येकाच्या बसण्याचे माप मला तोंडपाठ आहे. ते माझ्याबरोबरच जाईल, कोणी घाबरू नये.

कलम चौथे. माझी एकटीची सायकल, पंपासकट, आमच्या चमूतल्या बेकरीवाल्यांना. एक विनंती. तिच्यावरची चामड्याची सीट बदलू नये, थोडा दम धरावा. चामडे आधी आपल्याला छळते, मग आपले होते. बेकरीवाल्यांनी आजवर किती सीटा बदलल्या ते त्यांनाच ठाऊक. एक फार रुंद, एक फार अरुंद, एकीत म्हणे जेलची मऊ गादी कमी. नाचता येईना अंगण वाकडे. पण माणूस मोठ्या मनाचा आहे, दर रविवारी गरम पाव आणतो आणि चढावर मागे राहिलेल्यांसाठी थांबतो. टायर रुंद घ्यावेत, अरुंद टायरने वेग वाढतो हा समज दुकानदारांनीच पसरवला असावा.

कलम पाचवे. आता लांबडी.

लांबडी म्हणजे दोन माणसांची लांब सायकल. दुकानदार तिला टँडम म्हणतात. पुढचा माणूस हँडल, ब्रेक, गिअर सांभाळतो, मागचा फक्त पायडल मारतो. दोघांचे पायडल एकाच साखळीने जोडलेले असतात, त्यामुळे पुढच्याने पाय थांबवले की मागच्याचेही थांबतात, मग त्याला कळवलेले असो वा नसो. पतींची नजर गेली त्या वर्षी मी ती घेतली. कार्बनची हलकी मिळत होती, पण मी पोलादाची घेतली, कारण पोलाद खड्ड्यात थोडे लवते आणि मागे बसलेल्याची कंबर वाचते.

आयुष्यभर पुढे बसलेल्या माणसाला मागे बसवणे सोपे नव्हते. मागचे हँडल वळत नाही, ते नुसते धरायला असते. हे यांना पटायला अख्खा उन्हाळा गेला. प्रत्येक वळणावर ते मागून बस वळवत आणि मला म्हणत, "अगं, जरा बाहेरून घे." पुढे एक दिवस त्यांनी हात सैल सोडले. तेव्हापासून त्यांचा एकच प्रश्न असतो, काय दिसतंय. आणि मी सांगत जाते. कालव्यावर धुके आहे, पलीकडचा काठ दिसत नाही. एका गच्चीवर पांढरी चादर वाळते आहे. एक म्हातारा कुत्र्याला फिरवतोय, की कुत्रा त्याला, ते नक्की सांगता येत नाही. सकाळच्या त्या धुक्यात कधीकधी मलाही पुढचे दिसत नाही, आणि आम्ही दोघे सारखेच होऊन आपले तरंगत जातो. त्यासारखे सुख मला दुसऱ्या कशात मिळाले नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

एकदा चहाला थांबलो होतो. मी पुढे बसले, बोलत बोलत निघाले. आज लांबडी फार हलकी चालते आहे असे वाटून टायरमध्ये हवा नीट भरल्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. पुलापर्यंत गेल्यावर ध्यानात आले की मागून कोणी 'हं' म्हणत नाही. परत आले तर हे टपरीपाशी दुसरा कप घेऊन उभे. म्हणाले, "प्रवासी न घेताच गाडी सुटली. आमच्या वेळी यासाठी नोटीस मिळायची."

घर, पैसे, मशीन यांची मला काळजी नाही. काळजी एकच. मी गेल्यावर लांबडीवर पुढे कोण बसणार? यांना विचारले तर म्हणाले, "विकून टाकायची. मी दुसऱ्या कुणाच्या मागे बसायचा नाही." मुलगी म्हणते, "आई, बाबांना मी गाडीतून फिरवीन ना." फिरवील, पोरगी गुणाची आहे. पण गाडीत काच वर असते आणि पाय स्वस्थ असतात. हे खिडकीपाशी बसून बाहेरच्या रस्त्याचा आवाज ऐकत बसलेले मला आत्तापासून दिसतात, आणि ते मला सहन होत नाही.

कलम सहावे. माझे धाकटे दीर यांना काहीही देऊ नये. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळायचे असेल त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणूनच मी मुद्दाम त्यांना साक्षीदार नेमले आहे. कारण असे. भावजी हलक्या सामानाचे वेडे. सायकलचा प्रत्येक बोल्ट ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतात, आणि तो काटा माझा आहे, अजून परत आलेला नाही. काही वर्षांपूर्वी मला ताप होता म्हणून त्यांनी दादाला लांबडीवर नेले. उतारावर वेगाची धुंदी चढली आणि ते गप्प झाले. वळण आले तरी गप्प. हे उलट्या बाजूला झुकले आणि दोघे खाली. यांच्या खांद्याचे हाड मोडले. मी विचारले, "भावजी, सांगायला तोंड नव्हतं का?" तर म्हणाले, "वहिनी, मला वाटलं दादाला कळतंय." त्यानंतर मी त्यांना लांबडीला हात लावू दिला नाही.

इथवर लिहिले आणि भावजी सही करायला आले. मी त्यांना आत बसायला सांगितले आणि शाई शोधत राहिले. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून साखळीचा आवाज येऊ लागला. तिथे एक लोखंडी चौकट आहे, थंडीत तिच्यात मागचे चाक पकडून ठेवले की लांबडी जागेवरच चालते. मी दारात जाऊन उभी राहिले.

पुढच्या सीटवर हे होते. दोन्ही हात हँडलवर, पाठ ताठ, बसमध्ये बसत तसे. मागे भावजी, आणि त्यांच्या डोळ्यांवर माझ्या ओढणीचा तुकडा घट्ट बांधलेला.

"आता उतार," हे म्हणाले. "पाय थांबव."

"दादा, जरा आधी सांग ना. पाय ओढला गेला माझा."

"वळण आलं."

"कुठलं? डावं की उजवं? अरे, तोलच गेला माझा."

"जागच्या जागी?"

"जागच्या जागी." चाक फिरत राहिले. मग भावजी हळूच म्हणाले, "त्या दिवशी तुला असंच झालं का रे?"

"त्या दिवशी सायकल जागेवर नव्हती," हे म्हणाले.

भावजींनी पट्टीची गाठ आणखी घट्ट केली. म्हणाले, "चल, तळ्यापर्यंत ने मला. सगळं सांगत ने." आणि यांनी नेले. शाळा आली, पोस्ट आले, "उतरणारे उतरा" म्हणाले, पुलावरचा वारा आला, झाडांची सावली अंगावरून गेली. खोलीत दुपारचे ऊन आणि तेलाचा वास होता, दोघे भाऊ म्हातारे होते आणि कुठेही जात नव्हते. मला मात्र दारात उभ्या उभ्या तळ्याचे पाणी दिसले. मी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

नंतर मी यांना विचारले, "भावजी पुढे बसले तर बसाल?"

"बोलत राहिला तर बसेन," हे म्हणाले.

"वहिनी, मी गप्प बसणार नाही," भावजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसणारे नव्हताच, ते एक वळण सोडलं तर," मी म्हटले.

म्हणून कलम सहावे रद्द समजावे. पण खोडू नये. मी इतकी वर्षे रागावले होते, त्याची कुठेतरी नोंद राहू दे. भावजींना साक्षीदारीतून मोकळे केले आहे, कारण आता त्यांना मिळायचे आहे.

कलम सातवे आणि शेवटचे. लांबडी माझ्या पतींची. तिची पुढची सीट धाकट्या दिरांची. पुढील अटींवर. पोलादाला भोके पाडून वजन घटवू नये. टायर रुंदच ठेवावेत. माझी सीट काढून आपली बसवावी, माझ्या हाडांच्या मापाची त्यांना टोचेल. वळण, उतार, खड्डा हे तर सांगावेच, पण खड्डे कोणीही सांगेल. बिनकामाचे आधी सांगावे. कोणाच्या गच्चीवर काय वाळते आहे, पाण्याचा रंग कसा आहे, आभाळात काय चालले आहे. दिसत नसेल तर दिसत नाही असे सांगावे, तेही यांना आवडते.

पहिली फेरी भल्या सकाळी, धुके असताना काढावी. पुलाच्या थोडे पुढे गेल्यावर हे सवयीने म्हणतील, "अगं, काय दिसतंय?" भावजींनी तेव्हा "दादा, मी आहे" असे म्हणू नये. मागे वळून पाहू नये, पाय थांबवू नयेत. ओ द्यावी, आणि जे दिसत असेल ते सांगावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, पतींना वाचून दाखवले. त्यांनी "धुक्यात दिवा लावायला सांग त्याला" एवढीच दुरुस्ती सुचवली, ती मान्य आहे.

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : १४ ऑक्टोबर, रविवार

लिहून देणार : (सही)

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या :
१. शेजारच्या निवृत्त परिचारिका (सही)
२. गल्लीच्या तोंडावरचे घड्याळजी, ज्यांना सायकल चालवता येत नाही (सही)