विनूच्या अर्जात माझं नाव

सेलू, २२ मे २००६

लिही माधुरी म्हातारे, आपल्या वहीत लिहून ठेव; तुले कालची भाजी आठवत नाई, हे काय आठवन! आपला नातू विनू लग्नपत्रिका बनवते. त्याच्या कॉम्प्युटरात विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स, अन् चित्राचं मोठं सॉफ्टवेअर त्यावर चालतच नाई. कंपनी म्हणते, लिनक्सवाल्यायची मागणीच नाई. इकडे गिऱ्हाईक नागपूरले पळून राह्यलं. म्हणून विनूनं 'लिनक्सवरबी चालन असं काढा' अशा मागणीच्या अर्जात गल्लीतल्या बायांची नावं भरली.

"आजी, तुहा धंदा काय लिहू?"

"चित्रकार. साठ वर्षं रांगोळी काढून राह्यली."

खोटं झालं काय? रांगोळी चित्रच नं? पण कॉम्प्युटर मी फक्त पुसला हाय. चित्रकार म्हणे! कंपनीले पटन काय? पोराचं दुकान टिकलं पाह्यजे, अन् नुसत्या नावानं कोण हालते! उद्या कंपनीच्या पत्त्यावर कुरड्या पाठवजो. कच्च्याच, तळलेल्यायचा वाटेत चुरा होईन.