ओमेगा आणि आई

२८ जुलै, सोमवार
आजपासून नवी मधुवंती. पाळी थांबून तीन वर्षं झाली, आता हाडांकडे बघा, असं डॉक्टर महजबीन म्हणाल्या. रोज कॅल्शियम, आठवड्याला डी-थ्रीची पुडी. शिवाय हाडांचा स्कॅन. घरात कुणाला हाडांचा त्रास होता का, असं विचारलं. कुणालाच नाही, असं सांगितलं. आई नुसती शिंकली आणि तिच्या पाठीचा मणका बसला, नंतर मांडीचं हाड मोडलं, आठ महिने अंथरुणात काढून गेल्या दिवाळीत गेली, हे खरं. पण आई प्रोटीन खात नव्हती. मी खाणार. स्कॅन आजारी बायकांसाठी असतो.

३० जुलै
जुन्या जालन्यात राधेश्यामच्या मेडिकलवर गर्दी. काउंटरच्या काचेत पाहिलं तर माझ्या मागं आई उभी. वाकलेली, एक हात कमरेवर. वळले तर कुणी नाही. बी-ट्वेल्व्ह कमी असलं की भास होतात म्हणे. लगेच घेतलं. प्रश्न मिटला.

४ ऑगस्ट, सोमवार
कॅल्शियम जेवणानंतर घ्यायचं आणि आज उपास. यांना विचारलं. हे म्हणाले, साबुदाण्याला जेवण धर अन् गीळ. गिळलं. तेवढ्यात आई ओट्याखाली फरशीवर बसून गहू निवडताना दिसली. म्हणाली, मधू, टेक जराशी. मला दरदरून घाम फुटला. तो अलीकडे येतोच, वयाचा. घाबरले नाही. मॅग्नेशियमही सुरू करावं.

७ ऑगस्ट
सात डब्या झाल्या. सोया पावडर दुधातून. लोहाची गोळी लिंबूपाण्यातून, पण कॅल्शियमजवळ नको आणि चहाजवळ तर बिलकुल नको. म्हणजे चहा प्यायचा कधी? शेवटी लोहच सोडलं. पाठ दुखते. ऑफिसची खुर्ची वाईट आहे.

११ ऑगस्ट
आज दिवसाढवळ्या तीनदा. दाराशी, माठाशी, कपडे वाळत घालताना दोरीपलीकडे. बोलत नाही, माझ्या पाठीकडे बघत राहते. मला भीती वाटते. लिहून टाकलं, आता वाटायची नाही.
हे म्हणाले, स्कॅनला कवा जाऊन राह्यलीस? सण उरकले की.

१४ ऑगस्ट
ओमेगा-थ्री सुरू. पिवळ्याधमक गोळ्या. दिसायलाच ताकदीच्या.

१९ ऑगस्ट
आई पाच दिवस आलेली नाही. ओमेगा-थ्री जिंकलं. मुद्दाम माठापाशी जाऊन उभी राहिले. कुणी नाही.
दुपारी यांनी डबी वाचली. म्हणाले, अगं, मासळीचं तेल खाऊन राह्यलीस तू, अन् तेबी श्रावणात.
हात धुतले. मग विचार केला. आई अंड्याच्या ताटाशेजारीही बसायची नाही. म्हणजे भास जीवनसत्त्वानं गेलाच नाही. आई उठून गेली.
वाईट वाटलं. पण हाडं महत्त्वाची. श्रावण संपायला चारच दिवस उरलेत, आता बंद करण्यात अर्थ नाही. तेल म्हणजे काही मासा नव्हे.

२६ ऑगस्ट
अजून नाही. घर शांत. इतकं शांत की रेडिओ लावून ठेवते. तब्येत उत्तम, पाठ सोडून.

३१ ऑगस्ट
महालक्ष्म्या बसल्या. मुखवटे ठेवायची लोखंडी कोठी एकटीनं सरकवली, सात डब्या खाते मी. पाठीत कट्कन वाजलं. गॅस असावा. उद्याच्या सोळा भाज्या भिंतीला टेकून निवडल्या. जाऊबाई चांगुणाबाई म्हणाल्या, काउन एवढी वाकून राह्यली? देवापुढं वाकावंच लागतं, म्हटलं.

३ सप्टेंबर
काल महालक्ष्म्या गेल्या. सरळ उभं राहता येत नाही. कमरेवर हात दिला की चालता येतं.
संध्याकाळी हे पुण्याला लेकीशी, स्वराशी, व्हिडिओवर बोलत होते. मी त्यांच्या मागून देवघरात निघाले होते. स्वरा म्हणाली, बाबा, तुमच्या मागं आजी. यांनी वळून पाहिलं. मीही वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.
उद्या सकाळी स्कॅनला नेता का, असं यांना विचारलं. मग फोन घेऊन स्वराला म्हटलं, मी आहे गं. तिला पटायला वेळ लागला.