उरुसातल्या कुस्त्या आणि माझी सही

आबा,

यंदा आपल्या गावच्या उरुसात कुस्त्या झाल्या नाहीत. त्या होऊ नयेत म्हणून ग्रामपंचायतीने जो ठराव केला, त्याच्याखाली सरपंच म्हणून सही आहे ती माझी. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तरी लिहिते आहे. दुपारची वेळ आहे, घरातले सगळे पालमच्या बाजाराला गेलेत, आणि मला हे कुणाशी तरी बोलायचं आहे.

तुमची लेक सरपंच झाली हे तुम्ही पाहिलं नाहीत. तुमच्यामागे आई एकटी पडली म्हणून मी लेकरं घेऊन माहेरी येऊन राहिले, यांची नोकरी गंगाखेडला, ते येऊन-जाऊन करतात. आई गेल्यावरही मी इथंच राहिले. मग सरपंचपद आपल्या लोकांतल्या बाईसाठी राखीव निघालं. पॅनलवाल्यांना शिकलेली आणि कुणाशी वाकडं नसलेली बाई पाहिजे होती. मास्तरची लेक म्हटल्यावर कुणी नाही म्हटलं नाही. म्हणजे निवडून आले ती तुमच्याच नावावर.

तुमच्या वेळेस गावातलं राजकारण पाण्यावरून, रस्त्यावरून, शाळेच्या गळक्या पत्र्यांवरून व्हायचं. माणसं भांडायची, पण ज्याच्याशी भांडायची तो समोर उभा असायचा. आता ते फोनवर होतं. सकाळी कुणी काय स्टेटस ठेवलं, यावरून दुपारी चावडीपुढे माणसं गोळा होतात. कुठल्या तरी लांबच्या शहरात काहीतरी घडतं आणि इथं बांधाला बांध लागून असलेली दोन माणसं एकमेकांना रामराम-सलाम करायची थांबतात. खेळाचंही तेच. क्रिकेट आता बाराही महिने असतं. पोरं पारावर बसून फोनवर टीम लावतात. आपली टीम जिंकली की फटाके, आणि ते कुणाच्या दारापुढे वाजवायचे हे आधीच ठरलेलं. पळणारा, घाम गाळणारा त्यात एक नाही. शाळेचं मैदान, जिथं तुम्ही स्वतः फक्की टाकून खो-खोच्या पाट्या आखायचात, तिथं आता कमरेएवढं गाजरगवत आहे. तुम्ही म्हणाल, सरपंच तू आहेस ना, मग काढ की. काढीन.

तुम्हाला आठवतो का तो उरूस, मी दहा वर्षांची असेन. आई नको म्हणत असताना तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून कुस्त्यांच्या फडावर नेलं होतं. दर्ग्याच्या मागचं गावठाणाचं रान, मधोमध उकरून भिजवलेली माती, भोवती सगळा गाव. मुजावराची माणसं, पाटलाची माणसं, मेंढरं राखणारे हटकर, आपल्या वस्तीतले, सगळे एकाच रिंगणात मांडीला मांडी लावून. पंच तुम्ही. शाळेत घालायचा तोच पांढरा सदरा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. शेवटची कुस्ती दर्ग्याच्या तालमीतल्या तुमच्या वस्तादांच्या नातवाची आणि हटकराच्या एका पोराची. बराच वेळ कुणी कुणाला हलेना. मग एकाएकी धूळ उडते, दोघं खाली, आणि तुम्ही पोटावर पडून, गाल मातीला टेकवून बघायलात की पाठ लागली का नाही. उठलात आणि हात वर केलात तो हटकराच्या पोराचा. गलका झाला. वस्ताद रिंगणात आले, पांढऱ्या दाढीचा तो थोर माणूस, ज्याच्यापुढे तुम्ही कधी बसत नव्हतात. म्हणाले, "मास्तर, खांदा उचललेला व्हता." तुम्ही नुसतं म्हणालात, "न्हाई वस्ताद. टेकला."

त्या दिवशी दिवेलागणीला तुम्ही चुलीपुढे बसलात आणि आईने वाढलेली भाकरी तशीच राहू दिलीत. एवढ्यात दारातून हाक आली. वस्ताद स्वतः आले होते. आत आले, चुलीजवळच्या पोत्यावर टेकले आणि म्हणाले, "पाठ लागली व्हती रे. मला बी दिसली व्हती. पर नातू हाय. तोंडातून निघंना." आईने त्यांच्यापुढे ताट ठेवलं, तेव्हा कुठे तुम्ही तुमच्या ताटातला पहिला घास मोडलात. मला त्या वयात एवढंच कळलं की मोठी माणसंही चुकतात आणि चुकल्यावर चालत घरी येऊन सांगतात. पुढे पस्तीस वर्षांत असं चालत येऊन सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी स्वतःही कुणाच्या घरी अशी गेले नाही.

आणि ते बोलणं, जे तुम्ही मला एकदाच बोललात. मी नववीत होते. शाळेतून येऊन म्हणाले, "त्यांचा उरूस कधी हाय हो आबा?" तुम्ही अंगणात पाय धूत होतात. तांब्या खाली ठेवलात. "त्यांचा? मग तुझा कोणता, ते सांग." मग तुम्ही सांगितलंत, चिडून नाही, पण असं की मी मान वर केली नाही. तुम्ही पोरगे असताना गावात दोन तालमी होत्या, एक देवळापुढची, एक दर्ग्याची. देवळापुढच्या तालमीत आपल्या वस्तीतल्या पोराने उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नव्हता. तुम्ही बाहेरच्या भिंतीच्या भोकातून बघायचात. दर्ग्याच्या तालमीच्या वस्तादांनी एक दिवस तुम्हाला तिथं बघितलं आणि म्हणाले, "भोकातून काय बघायलास, आत ये." बस्स, एवढंच. तुमच्या अंगाला पहिल्यांदा लागलेली ती ताक, हळद नि तेल घालून मळलेली तांबडी माती. "माझ्या अंगाला हात लावून मला खाली पाडणारा गावातला पहिला मानूस त्यो हाय," तुम्ही म्हणालात. "नुसता शिवला न्हाई, पाडला. बरोबरीच्या मानसालाच पाडतेत." त्यानंतर मी कधी त्यांचा उरूस म्हणाले नाही. तुमच्यासमोर तरी नाही.

हे सगळं मला माहीत होतं, आबा. हे माहीत असताना मी सही केली.

झालं असं. तुम्ही ज्याला हरलेला ठरवलंत तो वस्तादांचा नातू आज स्वतः वस्ताद आहे. आजोबांची तालीम तोच चालवतो. त्याच्या हाताखाली चार वर्षांपासून एक मुलगी शिकते, मेंढरं राखणाऱ्या हटकराच्या घरची. सोळा वर्षांची आहे, मनगट असं की हातात हात दिला तर आपला हात सुटत नाही. परभणीला मॅटवर खेळून आली, जिंकून आली. पण गावाने तिला कधी लढताना बघितलं नव्हतं. यंदाच्या उरुसात पहिल्यांदा मुलींची कुस्ती लावायची असं वस्तादाने ठरवलं आणि मैदानासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला. दरवर्षीचाच अर्ज. दरवर्षी आम्ही चहा पिता पिता मंजूर करतो.

यंदा उपसरपंचाने तो हातात धरून ठेवला. माणूस वाईट नाही, माझ्या धाकट्याला ताप आला तेव्हा त्यानेच स्वतःच्या गाडीत दवाखान्यात नेलं होतं. म्हणाला, "ताई, यंदा वातावरन बरोबर न्हाई. पोरं तापलेत. कुस्त्या घ्यायच्याच तर देवळापुढं घेऊ, जत्रेत. आपल्या-आपल्यात." खरं सांगायचं तर कुस्ती नको म्हणणारी पोरं दोन्हीकडे होती. दर्ग्याकडच्या काही नव्या पोरांनाही ढोल, कुस्ती, मलिद्याच्या प्रसादासाठी लागणारी सगळ्या जातींची रांग नको झाली होती. हे आपल्यात बसत नाही म्हणत होती. दोन्हीकडच्यांना उरूस नको होता तो एकाच कारणासाठी, त्यात समोरचा होता. ग्रामसेवकाने ठराव वाचला: कायदा व सुव्यवस्थेच्या कारणास्तव परवानगी नाकारण्यात येत आहे. माझ्याकडे रजिस्टर सरकवलं. मी पेन मागितला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली, बापाला घेऊन. बाप दारातच घोंगडी आवरून उभा, आत येईना. मुलगी बोलली. "मावशी, मंग मी कुठं खेळू?"

"देवळापुढं हाय ना फड."

"तिथं पोरींची कुस्ती न्हाई म्हनायलेत. आन् वस्तादाला बी येऊ नका म्हनलेत. वस्ताद नसंल तर मी कशी उतरू?"

मी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." हे वाक्य सगळे सरपंच म्हणतात, मीही म्हणाले. बाप पहिल्यांदाच बोलला. "मास्तरचं घर हाय ताई, म्हून आलो व्हतो." आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून निघाला.

देवळापुढच्या फडाला मी गेले, माझा सत्कार होता. डीजे लय मोठा होता. पैलवान आले ते सात-आठ, बाहेरचे तर आलेच नाहीत, कारण बाहेरच्या पैलवानांना गावाचं नाव ठाऊक होतं ते उरुसामुळे. पंच म्हणून जो उभा केला होता तो कडेला उभा राहून शिट्टी वाजवायचा, कपड्याला माती लागू न देता. एका कुस्तीत वाद झाला तर पोरांनी फोनवर काढलेला व्हिडिओ बघून निकाल दिला, तोही दोघांना पटला नाही. तासाभरात सगळं उरकलं. मुलगी महिनाभराने लातूरकडे मामाच्या गावी गेली, तिथं मुलींची तालीम आहे म्हणे. ती तिथं मोठी होईल, कदाचित खूप मोठी, आणि कुणी विचारलं कुठली, तर आपल्या गावाचं नाव सांगेलच असं नाही. वस्तादाने तालमीला कुलूप लावलं. परवा तिकडून जाताना खिडकीतून बघितलं. माती उकरलेली नाही, पाणी नाही, तेल नाही. भेगा पडल्यात.

ठराव झाल्यावरही वस्ताद उरुसाचं आमंत्रण द्यायला घरी आला होता. तुमच्या काळापासून त्यांच्या घरचं पहिलं आमंत्रण आपल्या घरी येतं, ते त्याने मोडलं नाही. मी चहा केला. तो कुस्तीबद्दल काही बोलला नाही. मी वाट बघत होते की आता म्हणेल, मास्तर असते तर. म्हणाला असता तर मला रडता आलं असतं, किंवा भांडता तरी. त्याने ते नाव काढलं नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "ताई, तुमच्यावर लय दबाव असंल. मला म्हाईत हाय. मनाला लावून घेऊ नका." आणि मी मान हलवली. हो म्हणून.

आबा, दबाव नव्हता. कुणी धमकी दिली नाही, कुणाचा फोन आला नाही. उपसरपंचाने दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. मी नाही म्हणाले असते तर थोडी कुरकूर झाली असती आणि अर्ज मंजूर झाला असता, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पण उपसरपंच त्या दिवशी "आपल्या-आपल्यात" म्हणाला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं होतं. त्या आपल्यात मला धरलं होतं. ज्यांच्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत तुम्हाला पाय टाकू दिला नव्हता, त्यांच्या नातवाने मला त्यांच्यातली म्हटलं, आणि मला ते गोड लागलं. सहीचं अक्षर चांगलं आलंय.