पंख्याखालची खुर्ची

१५ मार्च ८८, मंगळ.
विमलने शेवटी दुर्गच्या कोर्टात अर्ज लावला. मॅनेजरने शिव्या देऊ नये, फायली अंगावर फेकू नये, असा हुकूम मागितलाय. या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तिला दोन वर्षं झाली, मला नऊ. दोघी मिळून लावू म्हणाली होती. घरी यांनी मोडता घातला, "तू कावून झंझटीत पडून राहिली?"

१९ मार्च
वि.चा नवरा तिला स्कूटरवर कोर्टात घेऊन गेला. डबाही त्यानेच भरला म्हणे. आमचे हे पाण्याचा ग्लाससुद्धा हातात मागतात.

२४ मार्च
तात्पुरती मनाई मिळाली तिला. मॅनेजर आज चक्क 'विमलजी' म्हणाला. रुआबांध्याच्या बाजारातही शेजारीण तिचंच कौतुक सांगत होती, मलाच. पोटात दुखलं, खोटं कशाला लिहू. आता तिच्या वाटणीच्या शिव्याही माझ्यावर. दुपारी मॅनेजरने बिलांचा गठ्ठा माझ्या पायाशी फेकला. उचलला.

४ एप्रिल
डबा खाताना वि. जवळ येऊन बसली. पुढच्या तारखेला साक्षीदार पाहिजे. तिच्या तोंडावर फाईल मारली तेव्हा खोलीत मीच होते. "ताई, तुमी पाह्यलं नं? तेवढंच सांगा जजसाहेबाले. नाई तं मनाई उठते म्हणे." बघते म्हटलं. जिंकली तरी हुकमात नाव तिचं एकटीचं. मी कोण?

११ एप्रिल
मॅनेजरला कुणकुण लागली असणार. सकाळीच टेबलं हलवली. वि. दाराशी, मी पंख्याखाली. "बहनजी, आप सीनियर हैं, यहाँ बैठिए।" नऊ वर्षांत पहिल्यांदा बहनजी. ती खुर्ची रिकामी झाली तेव्हा मी कुणी बस म्हणेल म्हणून थांबले होते. वि. नोकरीवर आली आणि पहिल्याच दिवशी, न विचारता जाऊन बसली. तेव्हापासून सलते ती मला. आज मिळाली. वारा छान येतो.

१२ एप्रिल
पंख्याखालून मॅनेजरची केबिन सरळ समोर. मान वर केली की त्याचे डोळे. दोन वर्षं वि. इथे बसली, आणि मी भिंतीच्या आडोशाला बसून तिचा वारा बघत होते.
सुटताना म्हणाली, "ताई, उद्या तारीख हाय. सकाळी आमी घ्याले येतो स्कूटरनं." मी डब्याची पिशवी उचलली.
यांना काही सांगितलं नाही. निळं पातळ इस्त्री करून ठेवलंय. ऑफिसलाही चालतं ते. सकाळी हॉर्न वाजला की ठरेल, कोर्ट की ऑफिस.