बाबांचे फंड, माझं रिटर्न

९ जुलै
रिटर्न भरायचं राहिलंय, मुदत महिनाअखेर. बाबा गेल्यावर त्यांचे म्युच्युअल फंड माझ्या नावावर झाले, फेब्रु.मध्ये मी ते विकले. माझा हिशेब सोपा: नावावर आले त्या दिवशीची किंमत ती खरेदी. म्हणजे नफा किरकोळ, टॅक्स किरकोळ. सिरुसेरीला ऑफिसला जाताना बसमध्ये दोनदा जमवून पाहिलं, दोन्ही वेळा छान जमलं. इतकं छान की शंका येतेय.

११ जुलै, शनि.
टी. नगरला राव ऑडिटरांकडे. तमिळ आडी महिन्याच्या सेलची गर्दी, ऑटो पाऊण तास एका जागी. राव तंजावरचे, बाबांशी मराठी बोलायला मिळायचं म्हणून फी कमी घ्यायचे. माझा कागद बघून हसले. वारशाने आलं की खरेदीची किंमत बाबांची, तारीखही बाबांचीच. म्हणजे सतरा वर्षांचा नफा! मग सहज विचारल्यासारखं, "वारस किती?" म्हटलं, नॉमिनी मी एकटीच.
"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, अक्का. राखणदार. मृत्युपत्र?"
नाही.
"भावंडं?"
नाशिकचा दादा.
"सरी, ठीक. मग अर्धा नफा त्याच्या रिटर्नमध्ये."
दादाला मी विकल्याचं माहीतच नाही. किती होते तेही नाही.

१२ जुलै
दिवसभर चिडचिड. सहा वर्षं बाबा इथे, वेस्ट मांबलमला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, ते मी. दादा दिवाळीला चार दिवस, वर सांबाराला नावं ठेवणार. आणि पैसे या फ्लॅटच्या कर्जात गेले, आता अर्धे कुठून आणू? बाबांनी नॉमिनी म्हणून माझंच नाव घातलं, त्याला काही अर्थ असेलच ना.
फॉर्म मीच भरला होता. त्यांनी फक्त सही केली.

१६ जुलै
झोप धड नाही. ऑफिसातून रावांना फोन. सगळा नफा मीच दाखवला, सगळा टॅक्स मीच भरला, तर कोणाचं काय जातं?
"सरकारचं काही नाही. पण सगळं तुमचंच होतं, असं तुम्ही सही करून सांगाल."
जास्त टॅक्स भरूनही चोरी करता येते, हे या वयात कळलं.

१९ जुलै
दादाला तीन लांब मेसेज लिहिले, तिन्ही पुसले. शेवटी एवढंच: तुझा पॅन नंबर पाठव. पाच मिनिटांत पॅन, आधार, आणि कोऱ्या कागदावर सही करून त्याचा फोटो. "लागली तर." कशाला हवंय, विचारलंही नाही. त्याचाच राग आला. विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं.

२३ जुलै
रावांनी माझं रिटर्न दोन तऱ्हांनी करून ठेवलंय, एक अर्ध्या नफ्याचं, एक सगळ्याचं. कुठलं भरू म्हणाले. उद्या सांगते म्हटलं.
संध्याकाळी दादाचा फोन. वर्षश्राद्धाची तिकिटं काढली. मग म्हणाला, "पॅन मागितलास, म्हणजे बाबांच्या त्या फंडांवर टॅक्स बसत असणार. तुझ्या एकटीवर नको, तू खूप केलंयस. निम्मा मी भरतो. किती होतोय?"
आकडा तोंडपाठ होता. म्हटलं, ऑडिटरना विचारून सांगते.